ताटी लावून बसलेली मुले

आदिशक्ती मुक्ताबाईंचा ताटीचा प्रसंग आज निरूपणास घेतला आहे. ते अभंग आपल्या मंडळींना पाठच आहेत, म्हणून येथे पुन्हा छापीत नाही. प्रसंग तेवढा जवळून पाहावयाचा आहे. आणि तो मोताळ्याच्या मंडळींना समोर धरून पाहावयाचा आहे. कारण असे की, मुक्ताईंची पालखी दरवर्षी ज्येष्ठात तापीकाठाहून, कोथळी-मुक्ताईनगरहून निघते, मलकापूर करून मोताळ्यावरून जाते, राजूरचा घाट चढते आणि बुलडाणा, चिखली, देऊळगावराजा, जालना, बीड असा लांबचा रस्ता चालून आषाढीला पंढरीस पोचते. आपण रस्त्यावर पाणी शिंपतो, पादुकांवर डोके ठेवतो, वारकऱ्यांना चहा-फराळ देतो. आपल्या दारावरून जाणारी ही माउली दार लावून बसलेल्या भावाची बहीण होती, एवढे ध्यानात ठेवून पुढचे ऐका.

विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई गेल्यावर आळंदीत चार लेकरे उरली. निवृत्तिनाथांचा जन्म १२७३ चा, ज्ञानदेवांचा १२७५ चा, सोपानदेवांचा १२७७ चा, आणि मुक्ताई सर्वांत धाकटी, १२७९ ची. संन्याशाची पोरे म्हणून गावाने वाळीत टाकलेली. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तरी लोकांच्या जिभेला विसावा मिळाला नाही. अशा दिवसांत एकदा ज्ञानदेव भिक्षेला गेले असता कोणी वर्मी लागेल असे बोलला. ते तसेच माघारी आले, पर्णकुटीची ताटी लावून घेतली आणि आत बसून राहिले. वय पोरगेलेच होते. आई नाही, बाप नाही, गाव वैरी. आणि बाहेर मुक्ताई, वयाने आणखी लहान.

ताटी म्हणजे काय हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावे लागत नाही. तुराट्यांची नाही तर बांबूच्या कामट्यांची विणलेली ती झडप. तिला ना कडी, ना कुलूप. दोन हातांनी ढकलली तर पडावी अशी. मुक्ताई लहान असली तरी ती ढकलून आत जाऊ शकत होती. ती गेली नाही. तिने शेजारपाजार गोळा केला नाही, "हा पहा कसा रुसून बसला" असे चार घरी जाऊन सांगितले नाही. ती बाहेर उभी राहिली आणि बोलत राहिली. ताटीतून माणूस जात नाही, पण आवाज जातो.

येथे एखादा जुना टाळकरी रागावेल. म्हणेल, "बुवा, माउली ज्ञानियांचे राजे. त्यांचे ते बसणे आमच्या पोरांच्या रुसण्याला कसे लावता?" शंका रास्त आहे. माउलींचे बसणे आणि संसारी माणसाच्या पोराचे बसणे एक नव्हे, हे शंभर वेळा कबूल. परंतु संतांची लीला असते ती कोणासाठी? त्यांना स्वतःला तिची गरज नसते. ती आपल्याला शिकविण्यासाठी असते. आणि पहा, आपल्या परंपरेने हा प्रसंग झाकून ठेवला नाही. एवढा थोर पुरुषही एका बोचऱ्या शब्दाने घायाळ होऊन दार लावून घेतो, आणि त्याला घरातले धाकटे माणूस हाक मारते, हे आपण सातशे वर्षे टाळमृदंगावर गात आलो. एवढे गाऊनही आपल्या घरातली ताटी आपल्याला दिसत नसेल, तर गाण्याचा उपयोग काय झाला?

आता आपल्या घरात या. पोरगा पंधरा-सोळाचा. काल-परवापर्यंत बापाच्या मागे बैलगाडीत उडी मारून बसणारा, आता जेवायला बोलावले तरी येत नाही. आजी विचारते, "काहून रे, जेवला नाही?" तो म्हणतो, "भूक नाही." रात्रभर जागतो, सकाळी उठत नाही. ज्या मित्रांबरोबर व्हॉलीबॉल खेळायचा त्यांच्याकडे जात नाही. कोणी काही बोलले की अंगावर येतो. मोबाईल तोंडासमोर धरून भिंतीकडे वळून पडतो. घरातले म्हणतात, "वयच तसं आहे", "माजला आहे", "कामाला लावा म्हणजे सुधारेल". यांतले पहिले वाक्य पुष्कळदा खरे असते, हेही सांगितले पाहिजे. या वयात थोडे रुसणे, थोडा एकान्त असतोच. पण हेच दोन-दोन आठवडे सरत नाही, झोप आणि भूक दोन्ही बिघडतात, आवडीच्या गोष्टीत मन लागत नाही, तेव्हा ती नुसती वयाची तऱ्हा राहत नाही. ती ताटी आहे.

वैद्यकशास्त्र याविषयी जे सांगते ते आपल्या कानावर असावे. जगभरच्या अभ्यासांचा मेळ घालून असे दिसले आहे की, माणसाला पुढे जे मनाचे आजार होतात त्यांपैकी जवळजवळ निम्मे अठराव्या वर्षाच्या आतच सुरू झालेले असतात. आपण चाळिशीतल्या माणसाकडे पाहून म्हणतो, "याला काय झालं एकाएकी?" एकाएकी काही झालेले नसते. ते चौदाव्या-पंधराव्या वर्षी, कोणी न पाहता, घराच्या एका कोपऱ्यात सुरू झालेले असते.

आणि त्या कोपऱ्यात घरच्यांच्या आधी कोण पोचतो? पुडी पोचते. खर्रा पोचतो. शाळेच्या वाटेवरचा मोठा पोरगा "घे रे, काही होत नाही" म्हणून बिडी पुढे करतो. पुढे कोणाच्या लग्नाच्या वरातीत बाटली येते. कोठे गांजा, कोठे पंक्चरच्या दुकानातला चिकट रबरी डिंक रुमालावर घेऊन हुंगणे. नशा ताटी ठोठावीत नाही, उपदेश करीत नाही, मार्क विचारीत नाही. ती सरळ आत जाऊन शेजारी बसते. दुखावलेल्या पोराला वाटते, हाच एक आपला. म्हणून व्यसनाधीन मुलाला "तुला काय कमी होते?" असे विचारणे फुकट आहे. कमी काय होते ते त्यालाही सांगता येत नाही. जे दुखत होते ते घटकाभर दुखायचे थांबले, एवढेच त्याला कळलेले असते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि माउलींनी त्यांचे फार सुंदर विवरण केले आहे. एक सुख आरंभी कडू आणि परिणामी अमृत. दुसरे आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विष. तिसरे सुरुवातीपासून शेवटापर्यंत भुलीचेच, झोप, आळस आणि बेसावधपणा यांतून उठणारे. आता तंबाखूचे पहा. तंबाखू खाणारा म्हणतो, तोंडात चिमूट धरली की जीव शांत होतो. होतो, हे खरे. पण जी तळमळ शांत झाली ती आली कोठून? मागच्या चिमटीचा अंमल उतरला तेव्हा ती उठली होती. तलफ तिनेच लावायची आणि तिनेच भागवायची. सावकाराने आपल्याच व्याजासाठी पुन्हा कर्ज द्यावे तसा हा व्यवहार आहे. दारूचेही तेच. पहिल्या घोटाने धीर आल्यासारखा वाटतो, पण ती झोप मोडते, दुसऱ्या दिवशी मन आधीहून खाली जाते, आणि खाली गेलेले मन वर काढायला पुन्हा तीच लागते. गांज्याला काही लोक "बैराग्याचा प्रसाद" म्हणतात. वारकरी पंथात त्याला जागा नाही, हे एक. आणि दुसरे असे की, कोवळ्या वयात गांज्याची सवय लागलेल्यांमध्ये पुढे भास, संशय आणि भ्रम यांचा गंभीर आजार होण्याचे प्रमाण अधिक आढळलेले आहे.

मोठ्या माणसाला परिणाम दिसतो, मग पोराला का दिसत नाही? तो मूर्ख असतो म्हणून नव्हे. मेंदूचा जो भाग पुढचे पाहतो, आवर घालतो, "थांब" म्हणतो, तो पिकायला पंचविशीपर्यंतचा काळ लागतो. हौस, राग, गोडी यांचा भाग त्याच्या आधीच भरात आलेला असतो. गाडीला तरणे बैल जुंपले आहेत आणि कासरा धरणारा अजून लहान आहे, अशी ही स्थिती. म्हणूनच या वयात लागलेली सवय खोल मुरते. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले की, चौदा वर्षांचे होईपर्यंतच ज्यांनी दारूला सुरुवात केली त्यांच्यापैकी शंभरात चाळिसांहून अधिक लोक पुढे केव्हा ना केव्हा दारूचे गुलाम झाले. विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांत ते प्रमाण शंभरात दहाच्या आसपास होते. यावरून प्रत्येक लवकर पिणारा बुडतोच असे ठरत नाही. घरातला त्रास, संगत, स्वभाव ही कारणेही त्यात मिसळलेली असतात. पण पहिला घोट जितका लांबेल तितके बरे, एवढे त्यातून नक्की निघते. आपला कायदाही अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू, तंबाखू वा अमली पदार्थ देणे हा गुन्हा धरतो. २०१५ च्या बालन्याय अधिनियमात त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे. बंदी आहे, आणि पुडीही मिळते. ती कोठे मिळते हे मोठ्यांपेक्षा पोरांनाच आधी ठाऊक असते.

आता थोडे कडू बोलतो, मंडळींनी पोटात घ्यावे. आपण माळकरी मद्यमांसाला शिवत नाही, हे भूषणच आहे. पण दिंडीतल्या किती बंड्यांच्या खिशात तंबाखूची डबी असते? हरिपाठ संपला की ओट्यावर चुना मळायला बसतो, आणि नातवाला हाक मारतो, "जा रे, कोपऱ्यावरून एक पुडी घेऊन ये." नातू धावत जातो. त्याला दोन रुपये सुटतात, आजा खूश होतो. भारतात २०१९ साली तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली. शंभरात आठ-नऊ मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. आणि जी मुले तंबाखू, गुटखा चघळीत होती त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांनी दहावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच ती तोंडात घातलेली होती. दहाव्या वर्षाच्या आत! त्या वयात मूल दुकानात स्वतःच्या बुद्धीने जात नाही. त्याला कोणी तरी धाडलेले असते. घराघरांतली मशेरीची डबीही याच हिशेबात येते. ती मायलेकींमध्ये अशीच हातोहात जाते आणि तिला कोणी व्यसन म्हणत नाही.

माळेविषयीही एक बोलायचे आहे. पोराचे पाऊल वाकडे पडले असे कळले की, घरचे त्याला धरून महाराजांकडे आणतात आणि म्हणतात, "याच्या गळ्यात माळ घाला, म्हणजे सुटेल." माळ ही पांडुरंगाशी बांधलेली गाठ आहे, पोराला दावणीला बांधण्याचे दावे म्हणून ती वापरू नये. धाकाने घातलेली माळ असली, आणि तलफेने एखाद्या दिवशी त्याचा तोल गेला, की काय होते? तो माळ काढून खिशात ठेवतो आणि पितो. मग घरी येताना पुन्हा गळ्यात घालतो. आता त्याला दोन दुःखे झाली: आधीचे होते ते, आणि देवाशी खोटे वागल्याचे. पूर्वी एक ताटी होती, आता आत आणखी एक झाली. त्याने आपण होऊन मागितली तर जरूर द्यावी, आणि देताना सांगावे की, चुकलास तर माळ काढून लपू नकोस, आधी आमच्याकडे ये.

गाडगेबाबांचे चरित्र या बाबतीत पाहण्यासारखे आहे, आणि ते आपल्याच वऱ्हाडातले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात शेंडगावला ते जन्मले. लहानपणचे नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूपायी संपले, घरदार गेले, आणि लहानग्या डेबूजीला घेऊन आई सखूबाई माहेरी, पूर्णाकाठच्या दापुऱ्याला आली. बापाची दारू पाहिलेले, बाप गमावलेले, दुसऱ्याच्या घरी वाढणारे ते मूल. आज असे मूल पाहिले की आपण म्हणतो, बाप तसा बेटा. पण दापुऱ्यात मामाचे घर होते. गुरे राखण्याचे, शेतीचे काम होते. आणि रात्री भजन होते, त्यात हा पोरगा रमून जाई. पुढे त्यांना मुलगी झाली तेव्हा बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाचे जेवण घालायला हवे होते. त्यांनी गोडाचे जेवण केले आणि भाऊबंदांचा राग पत्करला. जन्मभर, १९५६ साली देह ठेवीपर्यंत, कीर्तनात ते दारूवर असे तुटून पडत की ऐकणाऱ्याने ग्लास फेकावा. सगळीच पोरकी मुले गाडगेबाबा होत नाहीत. परंतु बापाचे व्यसन हा मुलाचा विधिलिखित जन्म नव्हे, मध्ये मामाचे घर आले तर वाट बदलते, एवढे त्या चरित्रातून आपण घ्यावे. मोताळ्याच्या प्रत्येक गल्लीत असा एखादा डेबूजी आहे. त्याचा मामा कोण होणार?

दूर उत्तरेला आइसलँड नावाचे एक बर्फाळ बेट आहे. लोकवस्ती चार लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या दोन-तीन तालुक्यांएवढी. तेथे १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना विचारले, तेव्हा शंभरातल्या बेचाळिसांनी मागच्या महिन्यात एकदा तरी दारूने झिंगल्याचे सांगितले. २०१६ मध्ये हे प्रमाण पाचावर आले होते. त्यांनी काय केले? नुसती भाषणे दिली नाहीत. मुलांसाठी संध्याकाळचे खेळ, गाणे-बजावणे शिकण्याची सोय केली आणि त्यासाठी नगरपालिकांनी घरांना पैसे दिले. मुलांनी रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहावे याचा नियम घातला. आईबापांनी आपसात करार केले की, कोणाच्याही घरी पोरांच्या मेळाव्यात दारू राहणार नाही. रात्री ते स्वतः पाळीपाळीने गल्लीतून फिरू लागले. आणि दरवर्षी मुलांनाच विचारून, कोठे कमी पडतो ते पाहिले.

हे वाचून माझ्या मनात आले की, यातले अर्धे आमच्या पंथात आधीच आहे. दिवेलागणीला मंदिरात हरिपाठ. पोरगा मृदंगावर बसला की त्याला दोन तास दुसरे काही सुचत नाही. एकादशीला रात्र जागवायची तीही मोठ्यांच्या संगतीत. वारीत तर तरुण पोरगा महिनाभर चार पिढ्यांच्या मधोमध चालतो. कोणाचे पाय दुखले, कोण जेवला नाही, कोण मागे राहिला, हे पाहणारा कोणी तरी असतोच. पण हे सारे पोरांसाठी आहे, असे आपण समजतो काय? संध्याकाळचा हरिपाठ पुष्कळ ठिकाणी सात म्हाताऱ्यांचा झाला आहे. पोरगा आला आणि त्याचा ताल चुकला की आपण सगळ्यांदेखत त्याला झापतो. दुसऱ्या दिवशी तो येत नाही. मग तो पानटपरीच्या मागे बसतो, तेथे त्याच्या तालाची चूक कोणी काढीत नाही.

वस्तुतः या भागातल्या घरांवर कसले ओझे आहे हे आपण जाणतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी मदत जाहीर केली, त्यांत बुलडाणा होता. कापूस-सोयाबीनचा भाव पडला, पाऊस गेला, की बाप गप्प होतो. बाप गप्प झाला की घर गप्प होते. आपल्याला वाटते पोरांना यातले काय कळते. त्यांना सगळे कळते. बहुतेक वेळा तीच आधी ताटी लावतात, कारण आपले दुःख घरच्या दुःखात आणखी कशाला घालायचे, असे त्यांना वाटते. मुलींचे तर विशेष. मुलगा रुसला तर ताट तसेच राहते म्हणून समजते तरी. मुलगी रुसते तेव्हा भाकरी करीत, भांडी घाशीतच आत जाते. मुक्ताईंनी भावाला हाक मारली. मुक्ताईंना, त्याच चार पोरक्यांतल्या एकीला, कधी दार लावून बसावेसे वाटले असेल काय, आणि तेव्हा कोणी हाक मारली, हे आपण गाण्याच्या भरात विचारीत नाही.

हाक मारायची म्हणजे काय करायचे? मुक्ताईंची रीत पहा. तिने भावाला त्याची चूक आधी दाखविली नाही. तो कोण आहे याची आठवण दिली. तू थोर आहेस, जगाला तुझी गरज आहे, लोक तापले तरी तू तापू नये, अशा अर्थाने ती बोलली. आणि एका अभंगाने ताटी उघडली नाही. ती पुन्हा बोलली, पुन्हा बोलली. आपण एकदा विचारतो, "काय झालं?" पोरगा म्हणतो, "काही नाही." आपले कर्तव्य संपले! त्याच्याजवळ बसावे, शेतात बरोबर न्यावे, काम करता करता बोलावे, आणि तो बोलू लागला की मध्ये उपदेश घालू नये. हे शेवटचे आम्हा बुवा लोकांना फार अवघड जाते.

पोरगा "जगण्यात अर्थ नाही", "मी नसलो तर बरे" असे काही बोलला, किंवा तसे वाटले, तर सरळ विचारावे, "जीव द्यावासा वाटतो का रे तुला?" असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे; उलट कोणी तरी विचारले म्हणून माणूस मोकळा होतो. मग त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. फवारणीची औषधे घरात उघडी ठेवू नयेत. कुलपात ठेवावीत आणि किल्ली मोठ्यांकडे असावी. शासनाची टेलिमानस नावाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. व्यसनासाठी १४४४६ हा वेगळा क्रमांक आहे. हे दोन आकडे मंदिराच्या भिंतीवर, एकादशीच्या फलकाशेजारी रंगवून घ्यायला काय हरकत आहे?

काही जण म्हणतील, हे बाहेरचे आहे, करणी आहे, अंगारा लावा. आपल्याच जिल्ह्यात सैलानीला मनाने आजारी माणसांना घेऊन येणारी किती कुटुंबे असतात ते आपण पाहतो. कोणाच्या श्रद्धेला आमचे बोट नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात तर दुवा मागायला येणाऱ्यालाच डॉक्टर आणि औषधही मिळावे, अशी सोय करण्यात आली. तोच मार्ग बरा. देवाला जरूर जावे, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी कोणाच्याही सांगण्यावरून, मग तो सांगणारा कीर्तनकार का असेना, बंद करू नये. हात मोडला तर आपण प्लास्टर घालून घेतो आणि नामही घेतो. मनाचे तसेच.

आणि सुटलेला पोरगा पुन्हा घसरला तर? घसरतो, पुष्कळदा घसरतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अशा केंद्रांतले उपचार माणूस घरी गेला म्हणून संपत नाहीत. पुढे कितीतरी काळ तो पुन्हा पुन्हा येऊन भेटत राहतो, हा त्या उपचाराचाच भाग असतो. सहाव्या अध्यायात अर्जुनाने तक्रार केली की, मन वाऱ्यासारखे आहे, धरून ठेवता येत नाही. भगवंतांनी ती तक्रार खोडून काढली नाही. मन अनावर आहे हे मान्य करून त्यांनी अभ्यास सांगितला, आणि मन जेथे जेथे पळेल तेथून तेथून त्याला परत आणावे असे सांगितले. कितीदा, याची संख्या सांगितली नाही. जपाला बसलेल्या आपल्यासारख्यांचे मन एका माळेत दहा वेळा बाजाराला जाऊन येते, ते आपण चालवून घेतो. मग दारू सोडलेला पोरगा तीन महिन्यांनी एकदा चुकला तर "गेला तो, आता सोडा त्याला" असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला?

ज्येष्ठात पालखी येईल. त्या दिवशी ज्या घरात असा एखादा पोरगा असेल, त्या घरातल्यांनी त्याला ओढून पादुकांसमोर उभे करू नये आणि लोकांदेखत "याला बुद्धी दे" असे मोठ्याने म्हणू नये. "राजूरच्या घाटापर्यंत माझ्याबरोबर चालतोस का?" असे विचारावे. चालला तर वाटेत काही शिकवू नये. नाही म्हणाला तर वारकऱ्यांना पाणी वाटायला बोलावून पाहावे. तेही नको म्हणाला, तर संध्याकाळी घरी परतल्यावर त्याच्या खाटेच्या कडेला बसावे, आणि घाट कसा चढलो, ऊन कसे होते, दिंडीतल्या म्हाताऱ्या दमल्या का नाहीत, ते त्याला सांगावे. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असला तरी सांगावे.